टाळी कुठे पडली?

‘सैराट’ मी विट्यात पाहिला तो २०१६ च्या मे महिन्यात. चित्रपट २९ एप्रिलला लागला होता. जत्रांचे दिवस, गलाईच्या धंद्यापायी देशभर पांगलेली माणसे गावी आलेली, यंत्रमागावरची पोरे पाळी संपवून तशीच आलेली. ‘झिंगाट’ सुरू होताच अर्धे थिएटर पडद्यापुढे जाऊन नाचू लागले.

अशा वेळी आमचे पांढरपेशे समीक्षक नाक मुरडतात. शिट्टी म्हणजे अडाणीपणा आणि गप्प बसून पाहणे म्हणजे रसिकता, असे त्यांचे सौंदर्यशास्त्र. मला ते मान्य नाही. तमाशाच्या कनातीत आणि आंबेडकरी जलशापुढे वाढलेल्या माणसाची मोठ्याने दिलेली दाद हाच त्याचा अभिप्राय असतो. आणि अभिप्राय आहे म्हणूनच तो तपासला पाहिजे.

आर्ची बुलेटवर येते, टाळ्या. ट्रॅक्टर चालवते, शिट्ट्या. तिच्या धिटाईत बाईचे बंड आहे, हे खरे. पण ती पाटलाची मुलगी आहे. त्या धिटाईत घराण्याचा तोराही आहे. टाळी यांपैकी कशाला पडली?

उत्तर मला वर्गाच्या प्रसंगात मिळाले. पाटलाचा मुलगा प्रिन्स लोखंडे सरांच्या थोबाडीत मारतो. थिएटरात हशा पिकला. मी स्वतः मास्तर. पुढच्या रांगेत माझेच विद्यार्थी होते, त्यांत आमच्याच वस्तीतली दोन मुले. तीही हसली. जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी त्यांना विचारले, का हसलात? एक खाली मान घालून म्हणाला, “सर, सगळेच हसले.”

शेवटी हैदराबादचे ते घर, दोन प्रेते, रक्ताची पावले उमटवीत बाहेर चाललेले मूल. पडद्यावर आवाज नाही, थिएटरातही नाही. या शांततेला पुष्कळांनी समाजाचा पश्चात्ताप म्हटले. मी म्हणणार नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे नितीन आगे या सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच संशय. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले. साक्षीदार फितूर झाले होते. ज्या महाराष्ट्राने ‘सैराट’ला डोक्यावर घेतले, त्याच महाराष्ट्रात या मुलासाठी साक्षीला टिकून राहणारी माणसे पुरेशी निघाली नाहीत.

दोष मी दिग्दर्शक नागराज मंजुळे यांना देत नाही. त्यांनी आरसा धरला. अंधारात टाळी वाजवायला काही लागत नाही. साक्ष मात्र उजेडात, गावासमोर, नाव सांगून द्यावी लागते. म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझे सांगणे आहे : चित्रपट संपला की मुलांना तसेच घरी जाऊ देऊ नका. कुठे टाळी वाजवली, कुठे हसलात, हे विचारा. आमची समीक्षा तिथून सुरू झाली पाहिजे.