फोनपे बाहेर पडली, ऑप्शन तिथेच राहिले

एकाच भरपाईबद्दल 2024 मध्ये दोन उच्च न्यायालयं नेमकी उलट बोलली. दिल्ली म्हणालं, ही भांडवली जमा आहे, पगाराच्या खात्यात तिच्यावर कर लागत नाही. मद्रास म्हणालं, हा नोकरीतून मिळालेला लाभ आहे, कर लागतो. अशा वेळी आपण विद्यार्थी लगेच 'मग बरोबर कोण?' असं विचारतो. मला वाटतं, त्याआधीचा प्रश्न दोन्ही निकालांत पुरेसा पुढे येत नाही : कर्मचाऱ्याच्या हातात मुळात होतं काय?

आधी हकिगत. फ्लिपकार्टचे इथले कर्मचारी भारतीय कंपन्यांत नोकरी करतात, पण त्यांचे ईसॉप 2012 च्या योजनेखाली सिंगापूरच्या होल्डिंग कंपनीचे. ऑप्शन म्हणजे शेअर नव्हे; ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याची मुभा. डिसेंबर 2022 मध्ये फोनपे या होल्डिंगमधून वेगळी झाली. वॉलमार्टसह जुन्या भागधारकांनी भारतातल्या फोनपेचे शेअर थेट घेतले. ऑप्शनवाल्यांचं काय? त्यांचे ऑप्शन संख्येने तेवढेच राहिले, पण ज्या कंपनीवर ते होते तिच्यातला मोठा तुकडा निघून गेला. 2023 मध्ये कंपनीने दर ऑप्शनमागे 43.67 डॉलर दिले, आणि सोबत हेही कळवलं की योजनेनुसार आम्ही हे देणं लागत नाही.

आता निकाल बघू. दिल्लीचा मुद्दा असा : आयकर कायद्याच्या कलम 17(2) प्रमाणे ईसॉपच्या लाभाचं मूल्य ऑप्शन वापरल्या दिवशीच्या भावावरून काढतात. इथे ऑप्शन वापरलेच नाहीत, मग मोजणार काय? इथपर्यंत पटतं. पण पुढे ही रक्कम ऑप्शनचं मूल्य घटल्याची भरपाई ठरते, आणि तिथे अडतं. मूल्य टिकवून धरण्याचा करारातला हक्कच नव्हता, तर भरपाई कशाची?

मद्रासचा मुद्दा : ऑप्शनधारकाने काहीही हस्तांतरित केलं नाही, पैसे आले ते नोकरीच्या नात्यामुळे. हेही वरवर सरळ दिसतं. ऑप्शन नोकरीमुळेच आले, हे खरंच. पण रक्कम पगारावर किंवा सेवेच्या वर्षांवर ठरली नाही, ती दर ऑप्शनमागे ठरली. म्हणजे देणाऱ्याने स्वतःच ती धारकाला बसलेल्या झळीशी बांधली होती. हे 'बक्षीस' म्हणून वाचायचं तर मोजमापाची ही पद्धत समजावून सांगावी लागेल.

माझं वाचन असं की दोन्ही न्यायालयं कराच्या कलमातून अशी गोष्ट शोधतायत जी योजनेत लिहिलेलीच नव्हती. सेबीचे 2021 चे नियम लिस्टेड कंपन्यांना सांगतात की बोनस, हक्कभाग, विलीनीकरण, विभागाची विक्री अशा वेळी ऑप्शनमध्ये वाजवी फेरफार कसा करायचा हे ठरलेलं असावं. सिंगापूरची लिस्ट न झालेली होल्डिंग त्या नियमांच्या बाहेर. पुनर्रचनेत भागधारकाला दार होतं. ऑप्शनवाल्याला संचालक मंडळाची मर्जी. मर्जीने दिलेला पैसा भरपाई की पगार, हा वाद मग होणारच.

या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर निकालांपासून सुरुवात करू नका. आधी योजनेचा मजकूर मिळवा आणि तीन गोष्टी शोधा : शेअर नेमके कोणत्या कंपनीचे, उपकंपनी वेगळी झाली तर फेरफार करणं बंधनकारक आहे की ऐच्छिक, आणि नोकरी सोडलेल्याचं काय होतं. 'बोर्डाला योग्य वाटल्यास' असे शब्द दिसले की तिथे पेन्सिलीने खूण करा. कोर्टात पुढे जे भांडण होतं, त्याचं बी बहुतेक वेळा तिथेच पडलेलं असतं.