निकाल आणि निकालपत्र

मंडळी, ‘निकाल’ हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो बघा. दहावीचा निकाल, निवडणुकीचा निकाल, कोर्टाचा निकाल. तिन्हीकडे प्रश्न एकच, पास की नापास? कोर्टाच्या बाबतीत मात्र निकालामागे निकालपत्र असतं आणि खरी मेख बहुतेक वेळा तिथेच असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 28 जून 2012 रोजी आरोग्यविम्याच्या कायद्यावर निकाल दिला, तेव्हा लोक काय म्हणाले आणि काय म्हणायचं राहून गेलं, ते आज आपण पाहू.

आधी कायदा थोडक्यात. ओबामांनी मार्च 2010 मध्ये सही केलेला ‘अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट’, म्हणजेच ओबामाकेअर. प्रत्येकाने आरोग्यविमा घ्यायचा, नाहीतर दंड भरायचा. 2014 साली किमान 95 डॉलर आणि 2016 पर्यंत 695. याविरुद्ध 26 राज्यं कोर्टात गेली. सुनावणीत न्यायमूर्ती स्कालिया यांनी विचारलं, सरकार विमा घ्यायला लावू शकतं, तर उद्या ब्रोकोली घ्यायलाही लावू शकेल का? झालं! पुढचे तीन महिने देशभर ब्रोकोलीची चर्चा. विम्यावाचून असलेल्या जवळपास पाच कोटी लोकांपेक्षा त्या भाजीला जास्त जागा मिळाली, असं आम्ही म्हटलं तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

निकालाच्या सकाळी काय झालं? सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी मांडणी सुरू केली ती अशी की, आंतरराज्य व्यापाराचं नियमन करण्याचा जो अधिकार संसदेला आहे, त्याखाली ही सक्ती बसत नाही. एवढं कळताच सीएनएन आणि फॉक्स न्यूज, दोन्ही वाहिन्यांनी सक्ती रद्द झाल्याचं जाहीर करून टाकलं. खुद्द ओबामांनी टीव्हीच्या पडद्यावर तीच बातमी पाहिली. त्यांच्या वकील कॅथरीन रूमलर यांनी अंगठा वर करून खरं काय ते सांगितलं. कारण रॉबर्ट्स पुढे म्हणत होते: व्यापाराच्या अधिकारात बसत नाही, पण हा दंड म्हणजे प्रत्यक्षात करच आहे आणि कर बसवण्याचा अधिकार संसदेला आहेच. सक्ती टिकली, पाच विरुद्ध चार.

या फजितीवर पुढे भरपूर हसून झालं. आमच्या मते ती तशी क्षम्य आहे. जवळजवळ दोनशे पानांचा कागद कुणीही दोन मिनिटांत वाचू शकत नाही. ज्यांच्या हातात तो कागद आठवडाभर होता, त्यांनी काय केलं, हे जास्त महत्त्वाचं.

त्यांनी न्यायाधीश वाचला. रॉबर्ट्स यांना नेमलं धाकट्या बुश यांनी, 2005 साली. तेव्हा सिनेटर असलेल्या ओबामांनी त्यांच्या विरोधात मत दिलं होतं. आता तेच रॉबर्ट्स चार उदारमतवाद्यांच्या बाजूला जाऊन बसले. एका गोटाने त्यांना गद्दार ठरवलं, दुसऱ्या गोटाने न्यायालयाची अब्रू वाचवणारा मुत्सद्दी. दोघांचा प्रश्न एकच, त्यांच्या मनात काय होतं? मत शेवटच्या टप्प्यात बदललं, अशीही बातमी फुटली. पण त्यांचा युक्तिवाद पटतो की नाही, हे तपासायला फार थोडे लोक थांबले. आणि तपासण्यासारखं होतं हो! एकाच निकालपत्रात तोच दंड एका जुन्या कायद्यापुरता ‘कर नाही’ आणि राज्यघटनेपुरता ‘कर आहे’. याला कायदेपंडितांकडे उत्तर आहे, आणि ते अगदीच वाईट नाही. पण सामान्य माणसाला ते समजावून सांगायची जबाबदारी कुणी घेतली नाही.

राजकारण्यांनी ‘कर’ हा शब्द तेवढा उचलला. दंड म्हणजे कर नव्हे असं ओबामा 2009 मध्ये ठासून सांगत होते, त्यामुळे विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. गंमत पुढे आहे. मिट रॉम्नी यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर असताना 2006 मध्ये अशीच विमासक्ती आणली होती. तेव्हा कर म्हणावं तर स्वतःवर शेकतं! त्यांचे सल्लागार म्हणाले हा दंडच. दोन दिवसांनी रॉम्नी म्हणाले, कोर्ट म्हणतंय तर करच. लोकांचं काय? त्याच आठवड्यातल्या प्यू संस्थेच्या पाहणीत, कायद्यातली बहुतेक कलमं टिकली हे सुमारे 55 टक्क्यांनाच माहीत होतं. बाकीच्यांना एकतर ठाऊक नव्हतं, किंवा उलटंच ठाऊक होतं.

आता या सगळ्या गलक्यात मागे राहिलेला भाग. मेडिकेड ही गरिबांसाठीची सरकारी योजना, केंद्र आणि राज्यं मिळून चालवतात. पूर्वी तिच्यात मुलं, गरोदर बायका, अपंग, वृद्ध, अतिगरीब आईबाप असे गट होते. धडधाकट पण गरीब, मूलबाळ नसलेल्या माणसाला बहुतेक राज्यांत जागा नव्हती. नव्या कायद्याने दारिद्र्यरेषेच्या थोडं वरपर्यंतच्या सर्व प्रौढांना आत घेतलं. पहिली तीन वर्षं सगळा खर्च केंद्राचा, पुढे उतरत 90 टक्के. आणि जे राज्य नाही म्हणेल, त्याचे मेडिकेडचे आधीचेही पैसे बंद होऊ शकत. हे म्हणजे डोक्याला बंदूक लावणं झालं, असं न्यायालय म्हणालं. सात विरुद्ध दोन! ब्रायर आणि केगन हे उदारमतवादीही त्यात होते. विस्तार राहिला, पण राज्यांच्या मर्जीवर.

त्या संध्याकाळी जल्लोष करणाऱ्यांनी हे कलम बाजूला ठेवलं, आणि शोक करणाऱ्यांनीही. आमची टीका मुख्यतः इथे आहे. ज्यांनी कायदा वाचवला म्हणून पेढे वाटले, त्यांना हरलेला भाग दिसायला हवा होता. गव्हर्नरांना तो लगेच दिसला. फ्लोरिडाच्या रिक स्कॉट यांनी काही दिवसांतच नकार दिला, टेक्सासच्या रिक पेरी यांनी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तसं पत्र पाठवलं.

याचा अर्थ काय, ते हिशेबाने बघा. कायदा लिहिताना गृहीत असं की दारिद्र्यरेषेखालचे सगळे मेडिकेडमध्ये जातील, म्हणून विम्याच्या हप्त्यासाठीचं अनुदान साधारणपणे त्या रेषेच्या वरच सुरू होतं. 2014 च्या सुमारास एकट्या माणसासाठी ही रेषा होती साधारण साडेअकरा हजार डॉलर. मग टेक्सासमध्ये वर्षाला वीस हजार मिळवणाऱ्या वेटरला अनुदान मिळतं. आठ हजार मिळवणाऱ्या, मूलबाळ नसलेल्या मोलकरणीला ना मेडिकेड, ना अनुदान. गरीब जास्त, म्हणून मदत शून्य! कुठल्याच पक्षाने असा कायदा लिहिला नव्हता. तो निकालपत्राच्या एका भागातून आणि गव्हर्नरांच्या नकारातून तयार झाला.

ज्या सक्तीवरून एवढं रणकंदन झालं, तिचा दंड संसदेने 2017 मध्ये कायदा करून शून्यावर आणला, 2019 पासून. सक्ती नावापुरती उरली आणि विम्याचा बाजार काही कोसळला नाही. मेडिकेडचा प्रश्न मात्र राज्याराज्यांत चालू राहिला. मेन, मिसूरी, ओक्लाहोमा, साउथ डाकोटा इथे लोकांनी मतदान करून विस्तार आणवला, नॉर्थ कॅरोलायना डिसेंबर 2023 मध्ये सामील झालं. त्या घडीला दहा राज्यं बाहेर होती. टेक्सास आणि फ्लोरिडा त्यांत आहेतच.