पाणी किती खाली आहे

तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर ठोक्यांचं मठारकाम चालू असतं तेव्हा कारागीर हंड्याकडे जितकं बघतो तितकंच त्याचं ऐकतो. ठोका नीट बसला की पत्रा एक सूर देतो, पोकळ पडला की दुसरा. मी पुण्याच्या कसबा पेठेत लहानाचा मोठा झालो. घडवलेली कुठलीही वस्तू समोर आली की आधी तिचा आवाज ऐकायचा, मग तिच्यावरून हात फिरवायचा आणि त्यानंतरच मत द्यायचं, ही सवय तिथून अंगात मुरली. बोटींच्या बाबतीतही मी तेच करत आलो आहे.

पेठेत पाणी म्हटलं की जुन्या माणसांना १२ जुलै १९६१ आठवतो. पानशेतचं धरण फुटलं आणि मुठा घराघरांत शिरली. आमच्या घरात मात्र पाण्याची आणखी एक आठवण नांदत होती, कारण आई हर्णैची. तिच्या लहानपणी मुंबईला मामाकडे जायचं म्हणजे आगबोटीनं. हर्णैला बोट धक्क्याला लागत नसे. सुवर्णदुर्गाच्या अलीकडे-पलीकडे खोल पाण्यात ती नांगर टाकून उभी राही, भोंगा देई, आणि किनाऱ्यावरून माणसं, बोचकी, आंब्याच्या पेट्या घेऊन पडाव तिच्याकडे निघत. पडाव बोटीच्या कुशीला लागला की खरी परीक्षा. लाट पडावाला वर उचलते त्याच क्षणी खलाशाचा हात धरून शिडीवर पाय टाकायचा. क्षण चुकला तर पडाव पुरुषभर खाली गेलेला असे. तान्ही पोरं तर या हातातून त्या हातात अशीच वर जात. आई सांगते, पडावात बसलं की ती कडेवरून हात सोडून पाण्यात बोटं बुडवायची आणि चाटून बघायची. आजी रागवायची. मग आगबोटीवर चढल्यावर निम्म्या लोकांना बोट लागायची, आणि लिंबाची फोड नाकाशी धरून बायका डेकवर आडव्या व्हायच्या.

छोट्या बोटीचा पहिला रस मला या चढण्या-उतरण्यात दिसतो. तिथे प्रवाशालाही काम असतं. समुद्राचा ताल ओळखल्याशिवाय बोटीत पाय ठेवता येत नाही.

पण इथे एक तारीख सांगितलीच पाहिजे. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अमावास्येसाठी गावी निघालेली, बंदरावर माणसं वाट पाहत उभी असलेली. ‘रामदास’ची लांबी १७९ फूट. कोकणातल्या घरांत छोट्या बोटीचं कौतुक करणाऱ्यानं हा आकडा आणि ही तारीख जवळ ठेवूनच बोलावं. पाणी हाताशी असतं, याचा दुसरा अर्थही आमच्या आज्या जाणून होत्या.

मला स्वतःला छोट्या बोटीची गोडी लागली ती खांदेरीला जाताना. अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यावरून कोळ्यांच्या होडीतून निघालो. इंजिनाची टकटक, डिझेलचा वास, जाळ्यांवर वाळलेल्या खवल्यांची चमक. तांडेल सुकाणूपाशी उभा होता, आणि पाऊण तास मी समुद्राकडे कमी, त्याच्याकडे जास्त बघत होतो. लाट तिरकी आली की तो गुडघ्यातून किंचित वाकायचा, इंजिनाचा जोर सोडायचा, लाट खालून जाऊ द्यायचा, मग पुन्हा जोर. एकाही वेळी त्याला विचार करताना मी पाहिलं नाही. एका बाजूला उंदेरी, समोर खांदेरी. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला तेव्हा मुंबईचे इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही अंगावर आले होते. मराठ्यांच्या हलक्या होड्यांनी उथळ पाण्यातून रसद पोचवली आणि बांधकाम चालू ठेवलं. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना ते जमेना. होडीत बसून ते अंतर कापलं की ही गोष्ट पुस्तकात वाचल्यापेक्षा लवकर कळते, कारण पाणी कुठे उथळ आहे हे तुमच्या तांडेलाच्या वळणांतून दिसत असतं.

बेटावर वेताळाचं देऊळ आहे, १८६७ चं दीपगृह आहे, आणि एक दगड आहे. त्यावर छोटा दगड मारला की धातूसारखा नाद निघतो. बरोबरचे लोक फोटो काढत होते. मी चार ठिकाणी ठोकून पाहिलं, आणि डोळे मिटले तर थेट आमची आळी. एवढ्यात खालून तांडेलाची हाक आली, ओहोटी लागायच्या आत निघायला हवं. वरचा बुरूज बघायचा राहिला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. छोट्या बोटीचं वेळापत्रक चंद्राकडे असतं, आणि त्याच्याशी घासाघीस होत नाही.

जगभर छोट्या जहाजांचे शौकीन किनाऱ्याच्या अशा जवळिकीसाठी भरपूर पैसे मोजतात. अंटार्क्टिकाला पाचशेहून जास्त प्रवासी नेणाऱ्या जहाजाला माणसं किनाऱ्यावर उतरवताच येत नाहीत, आणि एका ठिकाणी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. तेव्हा जहाज जितकं लहान, तितका तुमचा पाय बर्फावर जास्त वेळ. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडला निघालेलं ‘गंगाविलास’ ६२ मीटरचं, अवघ्या ३६ प्रवाशांचं. ५१ दिवस, सुमारे ३,२०० किलोमीटर. लहान आणि आलिशान हे दोन गुण एकत्र नांदू शकतात. नदीनं आकाराला मर्यादा घातली की श्रीमंती खोलीच्या सजावटीत आणि घाटावर उतरण्यात जाते.

आपल्या किनाऱ्यावर मात्र छोटी बोट कशाला म्हणावं हा प्रश्न मला सर्वांत सुंदर रीतीनं ‘आंग्रिया’नं उलगडून दाखवला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती मुंबई-गोवा धावू लागली. नाव कान्होजी आंग्र्यांचं, आणि विजयदुर्गापासून पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राखाली असलेल्या प्रवाळाच्या ‘आंग्रिया बँके’चंही. लोक तिला ‘क्रूझ’ म्हणत होते. मी तिच्यावर चढलो आणि पाच मिनिटांत वाटलं, हिचं हाडपेर वेगळं आहे. जिने अरुंद आणि सरळ, पायऱ्यांच्या कडा झिजलेल्या, कठडे भक्कम आणि फार उंच नाहीत, इंजिनाची थरथर तळव्यांना सतत जाणवणारी. नंतर तिचा इतिहास कळला. १३१ मीटरची ही बोट मूळची ‘ओगासावारा मारू’. १९९७ पासून ती टोकियोहून हजार किलोमीटर दूर असलेल्या ओगासावारा बेटांना जाई. त्या बेटांवर विमानतळ नाही. माणसं, भाजीपाला, टपाल, शाळेच्या वह्या, सगळं हिच्यावरूनच. म्हणजे अंगानं ती आमच्या आईची आगबोट होती. पोहण्याचा तलाव आणि नरम दिवे हा नंतर चढवलेला साज.

म्हणूनच ती मला आवडली. रात्री अकरानंतर गाणी थांबली, लोक आत गेले, आणि मी डाव्या बाजूच्या कठड्याशी उभा राहिलो. दक्षिणेला जाताना महाराष्ट्र डाव्या हाताला असतो. पूर्वेला काळोखात दूर एक दीपगृह मिचकलं, ठरावीक क्षणांनी पुन्हा मिचकलं. प्रत्येक दीपगृहाच्या लुकलुकण्याचा स्वतःचा ताल असतो, नकाशावर तो नोंदलेला असतो, आणि त्या तालावरून खलाशी रात्री गाव ओळखतो. माझ्याजवळ नकाशा नव्हता. पण बोट जराशी झुलत होती, वाऱ्यात मीठ होतं, आणि खालचं पाणी कापताना येणारा फेसाचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता. ज्या बोटीवर हा आवाज ऐकू येतो तिला मी छोटी म्हणतो. मीटर नंतर मोजावेत. ती सेवा थोड्याच हंगामांत थांबली, याची हळहळ मला अजून वाटते.

आता मोठी. ‘कॉर्डेलिया एम्प्रेस’ २०२१ पासून मुंबईहून सफरी करते. २११ मीटर लांबी, ४८,५६३ ग्रॉस टन. हे टन वजनाचे नसतात. जहाजाच्या आतल्या बंदिस्त पोकळीचं ते माप आहे, आणि रसिकानं या आकड्याला प्रवाशांच्या संख्येनं भागून पाहावं. एका खोलीत दोन माणसं धरली तर या जहाजावर सुमारे १,६०० प्रवासी, म्हणजे माणशी तीस. ‘आंग्रिया’ जवळपास ६,७०० टनांची आणि चारशे प्रवाशांची, म्हणजे माणशी सतरा. मोठ्या जहाजावर अंग मोकळं करून बसता येतं ते या हिशोबामुळे. आणि दुसरी गोष्ट तिच्या जन्मातच आहे. १९९० मध्ये फ्रान्सच्या सँ-नाझेरच्या गोदीतून ‘नॉर्डिक एम्प्रेस’ म्हणून ती बाहेर पडली ती तीन-चार रात्रींच्या सहलींसाठीच. टपाल आणि भाजीपाला तिनं कधी वाहिला नाही. मधोमध काही मजले उंच मोकळा चौक, भोवती सज्जे, सज्ज्यांतून खाली वाकून बघणारी माणसं. मला वाडाच आठवला. वाड्यात बाहेरच्या भिंतींना खिडक्या थोड्या आणि जीव सगळा चौकाकडे. हे जहाजही तसंच आतल्या बाजूला वळून बसलेलं आहे. समुद्र त्याच्या पाठीमागे असतो.

आई अठ्ठ्याहत्तरीची झाली तेव्हा म्हणाली, “मला एकदा बोटीनं जायचंय रे.” गुडघे गेलेले. खांदेरीची होडी शक्य नव्हती. मी तिला या जहाजानं गोव्याला नेलं.

बॅलार्ड पिअरला कागद तपासले, सामान पट्ट्यावरून गेलं, गळ्यात कार्ड आलं, आणि आई चाकाच्या खुर्चीतून एका सपाट पुलावरून जहाजात गेली. आत जाऊन दहा मिनिटं झाल्यावर तिनं विचारलं, “बोट कुठंय?” तिला पडाव हवा होता, लाट हवी होती. जहाज सुटलं तेही तिला कळलं नाही. पाण्याखाली दोन्ही कुशींना माशाच्या परांसारखे पर असतात, ते झुलणं मोडून काढतात. लिंबाची फोड तिनं पदराला बांधून आणली होती, ती तशीच राहिली.

पण मी इथे मोठ्या जहाजाला कमी लेखणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी जे पाहिलं ते त्यानंच दिलं. पहाटे आईला घेऊन लिफ्टनं वरच्या डेकवर आलो. दुसरं कोणी नव्हतं. चहूकडे गोल क्षितिज, कुठेही जमीन नाही. त्या उंचीवरून पाणी असं पसरलेलं दिसतं की त्याला दिशाच राहत नाही. मागे जहाजानं कापलेला पांढरा पट्टा मैलभर तसाच राहिलेला. होडीतून हे कधीच दिसत नाही, होडीत क्षितिज पुढच्या लाटेपाशी संपतं. साठ-सत्तर वर्षं समुद्राकाठच्या आठवणीत राहिलेल्या बाईनं समुद्र एवढा मोठा पहिल्यांदाच पाहिला. गुडघे दुखत असताना, गरम चहाचा कप हातात धरून, पडण्याची भीती न बाळगता. या सुखाला मी दुय्यम म्हणणार नाही. जेवणाबद्दल इतकंच, की खूप होतं आणि चांगलं होतं.

परतीच्या दिवशी तिनं विचारलं, “हर्णै कुठल्या हाताला?” मी उजवीकडे बोट दाखवलं. तिकडे नुसतं धुकं होतं. तिनं तरी हात जोडले. मग कठड्याच्या काचेवरून खाली वाकायचा प्रयत्न केला. “पाणी किती खाली आहे,” म्हणाली.

ते वाक्य घेऊन मी पुण्याला आलो. आळीतून जाताना माझ्या कानांत तेच. हंडा घडवणाऱ्यालाही हेच ठरवावं लागतं, पाणी काठापासून किती खाली राहील.

पुढच्या महिन्यात तिला घेऊन दाभोळला गेलो. वाशिष्ठीच्या खाडीतून दाभोळ ते धोपावे ही फेरीबोट २००३ पासून चालते. मोटारी, दुचाकी, टेंपो, कधी एखादी बस आणि माशांच्या टोपल्या सगळं एकाच सपाट डेकवर. पुढचा लोखंडी रॅम्प घडघडत सिमेंटच्या उतारावर टेकतो, गाड्या चढतात, रॅम्प वर उचलला जातो आणि निघते. दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास. आईला गाडीतून उतरवून पुढे रॅम्पपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. बोटीवरच्या पोऱ्यानंच ती खुर्ची आणून दिली आणि “आज्जी, घट्ट बसा,” म्हणाला.

खाडीच्या मध्यावर एका मच्छीमार लाँचनं लाट उठवली. ती रॅम्पच्या फटीतून आत आली आणि डेकवरून सरळ आईच्या पायांशी. चपला भिजल्या, साडीची किनार भिजली. मी खुर्ची मागे घ्यायला वाकलो. तिनं माझा हात बाजूला केला, खाली वाकून दोन बोटं ओल्या पत्र्यावर टेकवली आणि जिभेला लावली.

“खाडीचं आहे,” म्हणाली. “अजून गोड लागतंय.”