उसाच्या फडातून भुयारात

१९९८ च्या ‘रिंगू’मध्ये हिदेओ नाकाता यांनी सादाको झालेल्या अभिनेत्रीला उलटे चालवले आणि ते चित्रण उलटे फिरवले. एवढ्याशा युक्तीने घरातला टीव्ही भयाण झाला. २०१२ च्या ‘सादाको थ्रीडी’त तेच भूत पडद्यातून हात काढून अंगावर येते, आपण दचकतो आणि विसरतो.

हीच घसरण मला आपल्याकडेही दिसते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) मी हिंगणघाटात पाहिला. आमचा मुलूख कापसाचा. पऱ्हाटीत उभा माणूस लपत नाही, उसात अख्खे गाव लपते. तरी त्या फडापेक्षा मला भीती वाटली ती उषा नाईक यांच्या तुळसाबाईची. गरोदर नेहाची काळजी वाहणारी ही बाई कुणाच्याही घरातली असू शकते. मारलेल्या मुलींचा हिशेब चित्रपट तिच्या मायेपाशी मागतो.

फुरियांनीच ही कथा ‘छोरी’ (२०२१) म्हणून हिंदीत नेली. ‘छोरी २’मध्ये (२०२५) भुयार आले, दासी माँ आली, मायावी शक्ती आल्या. विषय बालविवाहाचा, पण गुन्हेगार इतका अमानवी की प्रेक्षक निर्दोष सुटतो.

गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तो भुतांसाठी नव्हता. घरांसाठी आणि दवाखान्यांसाठी होता. भय भुयारात नेऊन ठेवले की घर आपोआप स्वच्छ ठरते. माझा आक्षेप तंत्राला नाही, या सुटकेला आहे.