'वेअर': कोरियन कानांनी

इंग्रजीतलं 'वेअर' हे क्रियापद कोरियन विद्यार्थ्याला आधी आळशी वाटलं, तर नवल नाही. त्याच्या भाषेत अंगावर चढणाऱ्या वस्तूगणिक मान वेगळा. शर्ट किंवा हानबोक 'इप्ता', बूट-मोजे 'शिन्ता', टोपी 'स्सुदा', अंगठी 'क्किदा', घड्याळ 'छादा', टाय 'मेदा'. डोक्यावर छत्री धरली तरी 'स्सुदा'च. सून्जा चोई आणि मेलिसा बॉवरमन यांनी १९९१ च्या निबंधात दाखवलं, की अशी विभागणी मुलं दोन वर्षांची व्हायच्या आतच उचलतात. (उतरवताना मात्र कोरियनही हात आखडता घेते: कपडे, बूट, टोपी, चष्मा, सगळ्यांना एकच 'बोत्ता'.) साडी नेसायची, झंपर घालायचा, गजरा माळायचा, फेटा बांधायचा, हे ऐकत वाढलेल्या आपल्याला यात परकं काही वाटू नये. 'साडी घातली' म्हणणाऱ्याकडे आपणही वळून बघतोच की!

'वेअर'ला हे सोवळंओवळं नाही. कपडे, दागिने, अत्तर, दाढी, चेहऱ्यावरचं हसूसुद्धा त्याला चालतं. पण एवढं पाठ करायला एक दुपार पुरे. खरी खुबी काळात आहे. कोरियनमध्ये 'इप्को इत्ता' म्हटलं, की कोट अंगात चढतोय की चढून बसलाय, दोन्ही अर्थ निघतात; प्रसंगावरून ओळखायचं. म्हणून दाराशी बूट चढवता चढवता एखादा कोरियन 'आय अ‍ॅम वेअरिंग माय शूज' म्हणून जातो, आणि बाहेर ताटकळणाऱ्या इंग्रजाला कळत नाही, बूट पायात आहेत तर हा निघत का नाही! चढवण्याला तिथं 'पुट ऑन'. हात थांबले की मग 'वेअर' सुरू. आपण हे 'घालतोय' आणि 'घातलाय' एवढ्यात उरकतो. इंग्रजीत 'वेअरिंग'चं रूप चालू क्रियेचं आणि आत हालचाल शून्य. चकवा आहे तो इथेच, आणि मला तरी या क्रियापदाचं सगळ्यात देखणं अंग तेच वाटतं.

या टिकून राहण्यातूनच त्याचा दुसरा अर्थ फुटला. कापड अंगावर वर्षानुवर्षं राहिलं की कोपरावर विरतं, कॉलरला झिजतं. इंग्रजीत त्या झिजण्यालाही 'वेअर'च म्हणतात. कोट वापरला तेही 'वेअर', कोटाचं पार पोतेरं झालं तेही 'वेअर'. 'इप्ता'ला हे जमत नाही. कोट जुना झाला, की कोरियन माणसाला दुसरं क्रियापद शोधावं लागतं.