हुद्दा घेतला, हिशेब सोडला

कल्पित कथांमधले लढवय्ये समाज जुन्या सैन्यांचे हुद्दे उसने घेतात, हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे. आज मला एवढंच बघायचं आहे, की घेताना ते काय मागे ठेवतात.

'सेंच्युरियन' हा एकच शब्द घेऊ. १९६६ साली 'स्टार ट्रेक' मालिकेच्या 'बॅलन्स ऑफ टेरर' या भागात रोम्युलन लोक पहिल्यांदा दिसले. त्यांच्या सेनापतीचा वृद्ध सोबती म्हणजे सेंच्युरियन. या एका शब्दात वय, शिस्त, निष्ठा सगळं आलं. वेगळं सांगावं लागलं नाही. १९७८च्या 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'मध्ये मात्र रांगेतले यंत्रशिपाईच सेंच्युरियन झाले. बारा वर्षांत अधिकाऱ्याचा शिपाई! आता शब्द घसरतातच. शिवकाळात घोडदळातल्या पंचवीस जणांवरचा अधिकारी तो हवालदार. आज आपण चौकातल्या कुठल्याही पोलिसाला हवालदार म्हणतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. रोमचा खरा सेंच्युरियन साधारण ऐंशी माणसांवरचा अधिकारी. हातात द्राक्षवेलीची छडी. इ. स. १४ मध्ये पॅनोनियात सैन्याने बंड केलं, त्याची हकिगत टॅसिटसने दिली आहे. त्यात ल्युसिलियस नावाचा एक सेंच्युरियन आहे. शिपायांच्या पाठीवर छडी मोडली की तो लगेच दुसरी मागायचा, म्हणून त्याचं टोपणनावच 'दुसरी आण' असं पडलं होतं. बंडात शिपायांनी त्याला ठार केलं. त्यांच्या मागण्या काय होत्या? पगार वाढवा, नोकरीची वर्षं कमी करा. म्हणजे बघा, शिस्तीचं दुसरं टोक शिपायाच्या हातात होतं. तो मार खात होता, पण राज्याकडे त्याचं काहीतरी येणंही होतं. निवृत्त सैनिकांना रक्कम देता यावी म्हणून ऑगस्टसने इ. स. ६ मध्ये वेगळा खजिना उभारला होता.

कथांमध्ये छडी येते, खजिना येत नाही. त्यामुळे कल्पित सैन्याची शिस्त फार देखणी दिसते, कारण तिथे पगार मागणारा कुणी नसतो.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे २०१०चा 'फॉलआउट: न्यू वेगास' हा व्हिडिओ गेम. अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेत 'सीझर्स लीजन' नावाची फौज आहे. डेकॅनस, सेंच्युरियन, लेगेट अशी पुरी उतरंड आहे. हेरांना 'फ्रुमेंटारी' म्हणतात. मूळ शब्द धान्यावरून आलेला. रोममध्ये या लोकांचा संबंध आधी धान्यपुरवठ्याशी होता, पुढे ते निरोपे आणि हेर झाले. गेममध्ये धान्य गेलं, हेर उरला.

पण हा गेम इतरांपेक्षा हुशार आहे. यातला सीझर म्हणजे एडवर्ड सॅलो, शिकलेला माणूस. रोम त्याने पुस्तकांत वाचलं आणि जिंकलेल्या टोळ्यांवर लादलं. म्हणजे उसनवारी लेखकांनी लपवली नाही, ती पात्राच्याच माथी मारली. टोळ्यांची जुनी ओळख पुसली जाते, आणि त्यांना रोमबद्दल तेवढंच कळतं जेवढं सीझर सांगतो. त्याच्या पहिल्या लेगेटने हूवर धरणाची लढाई हरली, तर त्याला डांबर फासून, पेटवून दरीत ढकललं. इतका मोठा हुद्दा, पण त्याला ना सुनावणी, ना आधार!

कुणी म्हणेल, कथा आहे, इतिहासाचा पेपर नाही. मान्य. तपशील चुकला म्हणून मी गुण कापत नाही. मी विचारतो ते एवढंच: हे नाव घेतल्यामुळे आपल्याला काय दिसलं, आणि काय दिसेनासं झालं? 'न्यू वेगास'मध्ये सीझरशी बोलत बसलात तर उत्तर मिळतं. नाही बोललात, तर लाल निशाणं तेवढी लक्षात राहतात.

पुढच्या वेळी पडद्यावर एखादा सेंच्युरियन दिसला, की त्याच्या मागच्या रांगेतल्या शिपायाकडे बघा. त्याला घरी कधी जायचंय, हे त्या कथेत कुणी विचारलंय का?