रोमन ताम्रनाण्यांची परीक्षा : एका ग्रंथाचें अवलोकन

रोमन नाण्यांच्या अभ्यासकास ‘रोमन इंपीरियल कॉइनेज’ हा ग्रंथ टाळून चालत नाहीं. मॅटिंग्ली व सिडनहॅम यांनीं १९२३ सालीं त्याचा पहिला खंड काढला. केंटकृत दहावा खंड १९९४ सालीं निघाला. त्याच्या योग्यतेविषयीं दुमत नाहीं. प्रश्न एवढाच कीं, गोंदिया जिल्ह्यांतील एखाद्या बांधींत नांगराच्या फाळास लागलेलें झिजलेलें नाणें पारखण्यास तो कितपत उपयोगी पडेल ?

आरंभींच्या खंडांची मांडणी सम्राटांच्या अनुक्रमानें आहे. राजाचें नांव वाचतां आलें तरच पुढील वाट मोकळी होते; आणि झिजलेल्या नाण्यावर नेमका लेखच लागत नाहीं. म्हणून आपण क्रम उलटा घ्यावा : प्रथम धातु, मग वजन, मग मागील आकृति, शेवटीं नांव. ऑगस्टसच्या व्यवस्थेंत सेस्टर्शियस पितळेचा, सुमारें २५ ग्रॅमचा. अस तांब्याचा, सुमारें ११ ग्रॅमचा. चौथ्या शतकांत नाणें लहान झालें, तरी आकृति बोलकी राहिली. कॉन्स्टंटाइनच्या काळच्या नाण्यावर दोन सैनिकांमध्यें दोन ध्वज असल्यास तें सुमारें इ. स. ३३० ते ३३५ चें. एकच असल्यास त्यानंतरचें. ब्रूनचा सातवा (१९६६) व केंटचा आठवा (१९८१) हे खंड टांकसाळवार असल्यानें आकृतीखालील टांकसाळीची खूण उरली असतां ते अधिक साह्य करितात. लेखाचीं शेवटचीं अक्षरें उरलीं असतील, तर विभक्ति पाहावी : सम्राटाचें नांव बहुधा प्रथमेंत असतें, पण ट्रेजनच्या पुष्कळ नाण्यांवर तें चतुर्थ्यंत आहे.

शीर्ष दिसलें कीं नाणें रोमन, हा तर्क मात्र त्याज्य होय. कुजुल कडफिसेसनें रोमन धर्तीचें शीर्ष आपल्या ताम्रनाण्यांवर घेतलें; मागें खरोष्ठी लेख असतो. क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांवर शीर्षाभोवतीं विकृत ग्रीक अक्षरें व मागें ब्राह्मी असते. राणीछाप पाव आणाहि झिजल्यावर फसवितो. पण त्याचें मूळ वजन साडेसहा ग्रॅमच्या आसपास व कांठ यंत्राचा, तर रोमन नाण्याचा कांठ हातच्या घणाचा, वेडावांकडा.

ही सावधगिरी अनाठायीं नव्हे. भडोचेस सोन्याचांदीचे दिनार येत, असें पेरिप्लसकार सांगतो. रोमन ब्राँझचीं नाणीं मुख्यतः तामिळ देशांत व सिंहलद्वीपांत सांपडलीं, तींहि बहुतांशीं चौथ्या-पांचव्या शतकांतलीं. वैनगंगेच्या खोऱ्यांत असें एक नाणें निर्विवाद ठरलें, तर वाकाटककालीन व्यापाराविषयीं नवा विचार करावा लागेल. चुकून ठरविलें, तर नसलेला व्यापारमार्ग नकाशावर उमटेल. १९३९ सालीं वऱ्हाडांतील तऱ्हाळें येथें सांपडलेल्या सातवाहन नाण्यांवरून मिराशींनीं कुंभ व कर्ण या पूर्वीं अज्ञात राजांचीं नांवें उजेडांत आणलीं, तीं तुटक अक्षरें धीरानें जुळवूनच.

गोंदिया जिल्हा १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळा झाला; तत्पूर्वींच्या नोंदी भंडाऱ्याच्या नांवें शोधाव्या. वजन, व्यास व सांपडल्याचें गांव यांची टिपणी नसलेल्या नाण्यास कोणताहि ग्रंथ तारूं शकणार नाहीं.